बिनपोटाची फौज

खऱ्या फौजेचे मनुष्याला जितके भय वाटते, तितकेच खोट्या फौजेचे त्याला वेड असते. आणि हे वेड वयाने, विद्येने अथवा विवाहाने कमी होते, असे निदान आमच्या तरी पाहण्यात नाही. खरी फौज मुलुखातून जाऊ लागली म्हणजे शहाणा गृहस्थ धान्याचे पेव झाकतो, गुरे रानात हाकतो, आणि एखाद्या शिलेदाराने वाट पुसलीच तर त्याला मोठ्या अगत्याने शेजारच्या गावाची वाट दाखवतो. परंतु तीच फौज बोटभर उंचीची करून मेजावर मांडली, अथवा संगणकाच्या पडद्यावर उभी केली, की तोच गृहस्थ पदरमोड करून तिचे सेनापतिपद पत्करतो आणि मध्यरात्र उलटली तरी मोहीम आटोपती घेण्याचे नाव काढीत नाही. इंग्रज कादंबरीकार एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचे नियम सांगणारे 'लिटल वॉर्स' नावाचे पुस्तक प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी युरोपातील राजेलोकांनी तोच डाव जिवंत माणसे घेऊन मांडला, आणि तो मोडण्यास चार वर्षे लागली. तेव्हा ज्यांना फौजेची हौस आहे त्यांनी ती खोट्या फौजेवर भागवून घ्यावी, ह्यातच जगाचे कल्याण आहे, एवढे आरंभीच मान्य करून टाकतो.

आता ह्या खोट्या फौजा पाहू गेल्यास एक चमत्कार दृष्टीस पडतो. ज्या जगात राक्षस नांदतात, प्रेते उठून चालतात आणि मांत्रिक बोटाच्या टोकातून वीज पाडतात, जेथे म्हणून मानवी इतिहासाचा वारा लागण्याचे कारण नाही, तेथेही एखादी शिस्तबद्ध फौज उभी करावयाची वेळ आली की खेळ रचणाऱ्याची प्रतिभा नेमकी रोमच्या वेशीत जाऊन उभी राहते. १९८७ साली इंग्लंडात निघालेल्या 'वॉरहॅमर ४०,०००' ह्या खेळात, म्हणजे इसवी सनाच्या एकेचाळिसाव्या सहस्रकात, ताऱ्याताऱ्यांवर उतरणारे निळ्या चिलखतांतले 'अल्ट्रामरीन' आहेत, आणि त्यांच्या नावांची, चिन्हांची व थाटाची ठेवण मात्र टायबर नदीच्या काठची आहे. २०११ सालच्या 'स्कायरिम'मध्ये आभाळात अजगर उडत असतात आणि खाली 'इंपीरियल लीजन' कवायत करीत असते. २०१० सालच्या 'फॉलआउट : न्यू व्हेगस'मध्ये अणुयुद्धाने जग बेचिराख झाल्यावर नेवाडाच्या वाळवंटात कोणी एक गृहस्थ स्वतःस सीझर म्हणवून घेतो आणि खेळाडूंच्या संरक्षक गाद्यांची चिलखते करून आपल्या अनुयायांना रोमन बनवतो. जग बुडाले तरी चालेल, पण शिरस्त्राणावरचा तुरा बुडता कामा नये, असा एकंदर ह्या मंडळींचा निर्धार दिसतो.

ह्या अनुकरणाचे कारण उघड आहे. रोमची फौज ही इतिहासातील अत्यंत नीटनेटकी वस्तू होय. आठ माणसांचा एक तंबू, दहा तंबूंचे एक शतक, सहा शतकांची एक तुकडी, दहा तुकड्यांचे एक लीजन, आणि त्या सर्वांच्या माथ्यावर एक गरुड. अशी ही उतरंड कोणाही खेळ रचणाऱ्यास आयती मिळते. आता आठ दाहे ऐंशीच होतात, तरी रोमच्या दफ्तरात त्यांना शतक म्हणत, आणि शतकाधिपती शंभरांचा अधिकारी म्हणून मिरवत असे. परंतु ज्याने आपल्याकडचे हजेरीपट पाहिले आहेत त्याला ह्यात परकेपणा न वाटता उलट रोमविषयी आपुलकीच वाटेल. ढालीला ढाल भिडवून कासवाच्या पाठीप्रमाणे छत करणे, शत्रूच्या हत्तींना वाट देण्यासाठी रांगांत गल्ल्या सोडणे, जेथे मुक्काम पडेल तेथे खंदक खणून चौकोनी छावणी ठोकणे, ही सारी दृश्ये पडद्यावर मोठी देखणी दिसतात. हत्तींवर पेटती डुकरे सोडल्याची जी कथा प्राचीन ग्रंथकारांनी लिहून ठेवली आहे, तीसुद्धा २००४ सालच्या 'रोम : टोटल वॉर' ह्या खेळात मोठ्या आस्थेने घेतलेली आहे. तात्पर्य, गरुड घेतला, ढाल घेतली, डुक्करही घेतले.

घेतले नाही ते एवढेच, की त्या फौजेला पोट होते.

ह्या विधानात अतिशयोक्ती वाटत असेल तर १९९९ सालच्या 'एज ऑफ एम्पायर्स'च्या दुसऱ्या भागातील शिपायाचा जमाखर्च पाहावा. हा शिपाई उत्पन्न करतेवेळी साठ माप अन्न आणि वीस माप सोने मोजावे लागते. त्यानंतर तो जन्मभर काही खात नाही. त्याला हिवाळा बाधत नाही, त्याच्या वहाणेचा अंगठा तुटत नाही, त्याला घरून पत्र येत नाही, आणि तीन महिने पगार थकला म्हणून तो सेनापतीच्या तंबूसमोर धरणे धरून बसत नाही. काही खेळांत दर फेरीस खजिन्यातून लष्कराचा खर्च वजा होतो खरा, पण तो असा निमूटपणे वजा होतो की मध्ये ना कारकून, ना पावती, ना तगादा, ना अफरातफर. आणि ज्या राज्यात अफरातफर करण्यास कोणी कारकूनच नाही ते राज्य राक्षसांच्या राज्याहूनही अधिक काल्पनिक समजावयास हरकत नाही.

प्रत्यक्ष रोमन शिपाई कसा होता? यहुद्यांच्या मासाडा किल्ल्याला रोमनांनी घातलेल्या वेढ्याच्या सुमाराचा, म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या उत्तरार्धातला, एका शिपायाच्या पगाराचा कागद उपलब्ध आहे. शिपायाचे नाव गायस मेसियस. हप्त्याचा पगार ५० दिनार. त्यातून सातूचे १६, जेवणाखाणाचे २०, जोड्यांचे ५, चामड्याच्या पट्ट्यांचे २ आणि तागाच्या अंगरख्याचे ७ दिनार कापून घेतले. वाचकांनी बेरीज करण्याचे श्रम घेऊ नयेत. ती पन्नासच होते. ज्या साम्राज्यापुढे ज्ञात जग चळचळा कापत होते, त्या साम्राज्याचा हा पाईक वेढ्याच्या धामधुमीतून हप्त्याअखेर शून्य दिनार गाठीला बांधून निघाला. तिकडे ब्रिटनच्या उत्तर सरहद्दीवर विंडोलांडा नावाचे ठाणे होते. तेथे १९७३ सालापासून लाकडाच्या पातळ फळ्यांवर लिहिलेली पत्रे सापडू लागली. जगज्जेत्यांच्या पत्रांत विद्वानांनी काय वाचावे? एकात कोणाला तरी पायमोजे, वहाणांचे दोन जोड आणि दोन आतले कपडे पाठवल्याचे लिहिले आहे. दुसऱ्यात मास्क्लस नावाचा घोडदळाचा अधिकारी वरिष्ठांस मोठ्या अदबीने कळवतो की सोबत्यांपाशी प्यावयास बिअर उरलेली नाही, तरी ती धाडण्याचा हुकूम व्हावा. रोमचा गरुड ज्या काठीवर बसला होता ती काठी अशा अर्जांच्या आणि पावत्यांच्या ढिगाऱ्यात रोवलेली होती म्हणून उभी राहिली.

बरे, हा भाग रुक्ष म्हणून गाळला, असे म्हणावे, तर जो भाग मुळीच रुक्ष नाही तोही ह्या मंडळींनी गाळला आहे. रोमच्या फौजेबरोबर पवित्र कोंबड्या असत. त्यांनी दाणे हावरटपणाने टिपले तर शकुन उत्तम, आणि तोंड फिरवले तर लढाई तहकूब. इसवी सनापूर्वी २४९ साली सिसिलीजवळ ड्रेपाना येथे पब्लियस क्लॉडियस पुल्कर ह्या सेनापतीच्या कोंबड्या काही केल्या खाईनात; तेव्हा खात नसतील तर पिऊ द्या, अशा अर्थाचे काही बोलून त्याने त्या समुद्रात फेकून दिल्या, आणि त्याच दिवशी ९३ जहाजे गमावली. फौजेतील जेवण नाकारणारे तेवढेच प्राणी, आणि त्यांच्यापायी आरमार गेले! इसवी सन १४ मध्ये पॅनोनियातील लीजनांनी बंड केले, ते दिवसाला दहा आस नाणी एवढ्या रोजावर आयुष्य कंठावे लागते म्हणून. त्या बंडात लुसिलियस नावाचा शतकाधिपती मारला गेला. हा गृहस्थ शिपायाच्या पाठीवर द्राक्षवेलीची छडी मोडेपर्यंत मारी आणि लगेच दुसरी मागवी, म्हणून शिपायांनी त्याला त्या मागणीवरूनच नाव पाडले होते. आणि इसवी सन ४० मध्ये सम्राट कॅलिगुलाने इंग्लंडच्या समोरच्या किनाऱ्यावर फौज आणली, यंत्रे मांडली, रणशिंगे सज्ज ठेवली, आणि मग शिपायांना शिरस्त्राणे भरभरून शिंपले वेचण्यास फर्मावले. समुद्रावर मिळवलेली ही लूट होय, असे त्याचे म्हणणे पडले, असे रोमन चरित्रकार स्वेटोनियस सांगतो. असा प्रसंग एखाद्या खेळात घातला तर खेळणारे तो अशक्य म्हणून नापसंत करतील. इतिहासाला ही एक सवलत आहे की त्याला संभाव्यतेचे बंधन नाही.

ही रोमची फौज आमच्या कोकणपट्टीवर कधी आली नाही. रोमच्या साम्राज्यातून आले ते व्यापारी, मद्याचे कुंभ घेऊन, आणि उतरले कल्याणास व सोपाऱ्यास. रोमन ग्रंथकार प्लिनीने हिशेब मांडून ठेवला आहे की हिंदुस्थान दरसाल साम्राज्याचे पाच कोटी सेस्टर्स गिळतो. म्हणजे ज्या द्रव्यासाठी लीजनांनी जग पालथे घातले, त्यातले पाच कोटी हिंदुस्थानच्या व्यापाऱ्यांनी मिरी, मोती आणि तलम कापड पुढे करून, शस्त्राला हात न लावता, दरवर्षी जमा करून घेतले. पराक्रमाची ही जात कोणत्याही खेळात घेतलेली आमच्या ऐकिवात नाही.

सोपाऱ्याच्या दक्षिणेस, मालाडच्या पश्चिमेला, वेसाव्याच्या खाडीच्या मुखाशी मढ आहे. मालाड स्थानकाबाहेरून २७१ क्रमांकाच्या बशीने जावे, अथवा वेसाव्याहून तरीने खाडी ओलांडावी. दोन्हीकडून पोहोचल्यावर सुकत घातलेल्या मासळीचा वास पाहुण्याचे सारखेच स्वागत करतो. गाव कोळ्यांचे, आणि टोकाला पोर्तुगीजांनी सतराव्या शतकात बांधलेला किल्ला. १७३९ साली चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेत तो मराठ्यांकडे आला, १७७४ साली इंग्रजांनी घेतला, आणि आज तो हवाई दलाच्या हद्दीत आहे. परंतु गेल्या पन्नास वर्षांत ह्या भूमीवर जेवढ्या फौजा उतरल्या तेवढ्या तीनशे वर्षांत उतरल्या नसतील. कारण मढ हे चित्रपटांचे आणि दूरदर्शन मालिकांचे रणक्षेत्र आहे. येथील बंगल्यांत सासवासुनांची युद्धे होतात, आणि माळावर व पुळणीवर उरलेली सर्व. येथल्या माडांनी मोगल पाहिले, मावळे पाहिले, कौरव पाहिले, पांडव पाहिले. आणि कौरवांच्या अंगावरील चिलखत जरा निरखून पाहिले तर ते हस्तिनापुरापेक्षा रोमच्या बाजारपेठेत अधिक शोभेल, हेही एव्हाना त्या माडांच्या लक्षात आले असेल.

ह्या फौजांना हसण्यासाठी म्हणून जो मनुष्य मढला जाईल तो, डोळे उघडे ठेवील तर, विचारात पडून परत येईल. कारण ही फौज जेवते! पहाटेचा कॉल टाइम असतो. ज्युनिअर आर्टिस्टांची हजेरी घेतली जाते, आणि कागदावरचा मॉब व प्रत्यक्षातला मॉब ह्यांचा मेळ घालताना तेथेही रोमच्या शतकाची आठवण होते. ड्रेसदादा प्रत्येकाला चिलखत, पागोटे व मोजडी देतो, आणि संध्याकाळी मोजून परत घेतो. स्पॉटदादा चहा फिरवतो. न्याहरीला उशीर झाला तर औरंगजेबाची आणि महाराजांची अशा दोन्ही फौजा वैर विसरून एकाच टेबलाकडे कूच करतात. शिफ्ट लांबली तर कुरकुर होते, कन्व्हेयन्सचे पैसे मिळाले नाहीत तर पॅनोनियाचे बंड मढच्या वाळूत पुन्हा उभे राहते, आणि प्रॉडक्शन मॅनेजर ते तलवारीने नव्हे, तर पाकिटाने शमवतो. तुरा पुठ्ठ्याचा आहे, भाला लाकडाचा आहे, पण भूक अस्सल आहे. आणि म्हणून मी असे प्रतिपादन करतो की गरुडासकट सगळे चिलखत हुबेहूब उतरवणाऱ्या त्या परदेशी खेळांपेक्षा मढचा हा वडापाव खाणारा मावळा रोमन लीजनचा अधिक सच्चा वारस आहे.

आणि मावळ्याचाही. शिवछत्रपतींच्या सैन्याचे वर्णन १६९७ साली कृष्णाजी अनंत सभासदाने लिहिले, त्यात पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी ही उतरंड दिलीच आहे. पण त्याचबरोबर दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद, हेही त्याने विसरू दिलेले नाही. आमच्या तसबिरींत घोडे उधळतात, तलवारी लखलखतात, भगवा फडकतो. त्या घोड्याच्या टाचेला नाल ठोकणारा आणि त्याच्या तोंडाशी पाणी नेणारा मनुष्य एकाही तसबिरीत नाही. महाराजांना मात्र तो दिसत होता. चिपळुणाजवळच्या छावणीतील अंमलदारांस लिहिलेले त्यांचे पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठवलेली वैरण आताच उधळाल तर पुढे घोडी मरतील, मग तुम्ही कुणब्यांना उपद्रव द्याल आणि रयत म्हणेल की ह्यांच्यापेक्षा मोगल बरे, असे त्यात बजावले आहे. आणि तेवढ्यावर न थांबता, रात्री दिवा तसाच ठेवाल तर उंदीर जळती वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल, इथपर्यंत खुलासा केला आहे. अफझलखानाचा समाचार घेणाऱ्या पुरुषाला उंदराचीही दखल घ्यावी लागते, आणि जो ती घेतो त्याचेच राज्य होते. काल्पनिक फौजांत राक्षस असतात, अजगर असतात, उंदीर नसतो.

ह्या बाबतीत आमच्या मुलांची परंपरा फार शहाणी आहे, असे मला वाटते. दिवाळीत अंगणात, आणि उपनगरातल्या सोसायट्यांत अंगण नसेल तेथे जिन्याखाली, दगडविटा रचून, गोणपाट टाकून, चिखल लिंपून जो किल्ला उभारतात, तोही काल्पनिक फौजेचा खेळच होय. प्रमाणाची त्यात शुद्ध नसते. पहारेकरी दरवाजाहून उंच असतो, बुरुजावर मावळ्याशेजारी हवालदार शिट्टी फुंकीत असतो, आणि वाघ कोणाच्या बाजूचा हे शेवटपर्यंत ठरत नाही. परंतु शिखरावर सिंहासन मांडले की त्याच हाताने पायथ्याशी गवळण मांडली जाते, भाजीवाली बसवली जाते, आरशाच्या तुकड्याचे तळे होते, विहीर होते. आणि उतारावर आळीव अथवा मोहरी पेरून हिरवळ उगवविली जाते. युद्धशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर दूध, भाजी, पाणी आणि वैरण ह्यांचा बंदोबस्त पुरा होतो. आठ वर्षांच्या पोराला जी गोष्ट आजीने सहज शिकवली, ती पडद्यावरील साम्राज्यांना अद्याप उमगलेली नाही.

माझा भाचा मात्र ह्या मताशी सहमत नाही. तो 'एम्पायर : टोटल वॉर' नावाचा २००९ सालचा खेळ खेळतो, त्यात मराठ्यांचे राज्य चालवता येते, आणि त्याने वसईचा पुढचा हिशेब म्हणून आमच्या फौजा थेट लिस्बनमध्ये नेऊन घातल्या आहेत. त्या इतक्या लांब गेल्या, पण वाटेत कोणी भाकर भाजली नाही. मी ह्याविषयी माफक नापसंती दर्शवली तेव्हा तो म्हणाला, "मामा, शिपाई जेवायला लागले तर खेळ कोण खेळेल?"

प्रश्न रास्त होता. मी त्याला म्हटले, "बाजीराव खेळले." फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडास निजामाची फौज मोठी होती आणि तिचा तोफखाना नामांकित होता, बाजीरावांनी तिला असे पळवले की जड तोफा मागे राहिल्या, आणि मग तिची रसद व पाणी तोडून बसले. मोठी लढाई झालीच नाही. निजाम तहानेला शरण आला आणि मार्चमध्ये मुंगी-शेवगावास तह झाला. दुसऱ्याचे पोट कोठे आहे हे ज्याला कळले त्याला तलवार म्यानाबाहेर काढण्याचेही फारसे काम पडत नाही. त्याच घरातला धाकटा भाऊ चिमाजी आप्पा. वेसावे आणि वसई घेणारा. आणि चिमाजी आप्पांचा मुलगा सदाशिवरावभाऊ. ऑक्टोबर १७६० मध्ये अब्दाली बागपताशी यमुना उतरून भाऊंच्या आणि दिल्लीच्या मध्ये येऊन बसला. अब्दालीची रसद मारणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात पडले. आणि पानिपतच्या छावणीत लष्कर, बुणगे, यात्रेकरू, हत्ती, घोडी, बैल ह्या सर्वांची पोटे एकाच खंदकाच्या आत कोंडली गेली. १४ जानेवारी १७६१ रोजी जी फौज बाहेर पडली ती उपाशी राहण्यापेक्षा लढून मरणे बरे, ह्या निश्चयाने. चुलत्याने भुकेचे शस्त्र चालवले, आणि एका पिढीच्या आत पुतण्यावर तेच चालले.

भाच्याने हे लक्षपूर्वक ऐकून घेतले, त्याच्या पिढीच्या मानाने फारच लक्षपूर्वक. आणि मग खेळात एक सपाट मैदान निवडून, एका बाजूस मराठे व दुसऱ्या बाजूस प्रचंड घोडदळ मांडून, चहा निवायच्या आत पानिपत जिंकून दाखवले. मी मनापासून अभिनंदन केले, आणि एवढेच विचारले की सकाळी घोड्यांना काय घातलेस.

"तशी कळच नाही, मामा," तो म्हणाला.

"भाऊंपाशीही ती उरली नव्हती," मी म्हटले, आणि त्याला जेवायला हाक मारली. तो लगेच उठला.